बरं न होणारं दुखणं आणि श्रद्धा : नेमकं काय मागायचं देवाकडे?

अबोली_सोलापूर

नमस्कार मंडळी. जरा लांबण लागणार आहे, वेळ असेल तेव्हा वाचा.

मला आमवात आहे. वयानुसार गुडघे दुखतात तो नव्हे, ऱ्हुमॅटॉइड, ज्यात आपलीच प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांवर उठते. हा पूर्ण जात नाही, औषधांनी ताब्यात राहतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे स्वच्छ सांगितलं, त्यांचे मी आजही उपकार मानते. प्रश्न औषधाचा नाहीये. घरी येणारं जाणारं प्रत्येक माणूस म्हणतं श्रद्धा ठेव. ठेवते की. पण श्रद्धा ठेवायची म्हणजे नेमकी कशावर? बरी होईन यावर? ते तर होणार नाही हे माहितीये. मग हात जोडल्यावर मागायचं काय?

थोडं माझ्याबद्दल सांगते म्हणजे कळेल. मी युनिफॉर्म शिलाईचं काम करायचे. आपल्या सोलापुरात शाळेचे युनिफॉर्म शिवणारे गाळे किती आहेत हे इथल्यांना सांगायला नको, शाळा उघडायच्या आधीचे दोन-तीन महिने तर श्वास घ्यायला फुरसत नसते. माझ्याकडे कॉलर असायची. पीसवर पैसे आणि माझा हात चांगला होता, हे मी अभिमानाने सांगते. मग मनगटं सुजायला लागली, कात्री धरवेना, सकाळी तास दीड तास मूठच वळत नाही अशी अवस्था. काम सुटलं.

आणि मी वाढले ते आपल्या सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या गोष्टी ऐकत. बारावं शतक, त्यांनी स्थापलेली अडुसष्ट लिंगं, माणसं जमवून खोदलेलं तळं. आजी सांगायची की शरणांच्या, म्हणजे त्या काळच्या शिवभक्त संतांच्या मते आपलं कष्टाचं काम, कायक, हीच पूजा. देऊळ नंतर, काम आधी. हे मला इतकं पटलेलं होतं की मशीनवर बसताना मी पायडलला पाया पडून बसायचे. मग हातच चालेनात तेव्हा माझी पूजा कुठली? मला सगळ्यात जास्त हेच टोचलं, दुखण्यापेक्षा जास्त.

आता काय झालंय, गल्लीतल्या दोन मुली दुपारी माझ्याकडे कॉलर शिकायला येतात. मी शिवत नाही, शेजारी बसून सांगते. कॉलरचं टोक हे मोठं अवघड प्रकरण असतं, उलटवल्यावर ते बोथट आलं की अख्खा शर्ट बोथट दिसतो. त्याची युक्ती अशी की कोपऱ्यावर येताना शेवटच्या टाक्याआधी आत एक दोरा अडकवून ठेवायचा, बाजूचं जास्तीचं कापड तिरकं छाटायचं, मग उलटवून तो दोरा हळूच ओढायचा. टोक आपोआप बाहेर येतं, धारदार. परवा धाकटीचं टोक पहिल्यांदा तसं आलं. ती काही बोलली नाही, नुसतं माझ्याकडे बघून परत ते टोक बोटाने चाचपत राहिली. त्या घडीला माझ्या मनात जे भरून आलं ना, मला वाटतं त्यालाच मी श्रद्धा म्हणेन. मला नीट सांगता येत नाही. तुम्हाला असं काही होतं का? दिवसभरातल्या कुठल्या गोष्टीत? लांबणीचं दुखणं असलेल्यांनी किंवा घरात कुणाचं काढणाऱ्यांनी लिहावं ही विनंती.

बाळेकडचा_खंडोबाभक्त

ताई, वाचलं आणि लगेच लिहायला बसलो. मला शुगरमुळं दोन्ही किडन्या गेल्यात, आठवड्यातून तीनदा डायलिसिस, एका वेळी चार तास. महात्मा फुले योजनेत होतं म्हणून चाललंय, नाहीतर घर विकायची पाळी होती.

आपल्याकडचा उन्हाळा तुम्हाला माहितीच हाय. पारा त्रेचाळीसच्या वर, घशाला कोरड, आणि मला दिवसभराचं पाणी मोजून. लघवीच होत नाही तर प्यालेलं पाणी अंगात साठतं, छातीत चढतं. त्यामुळं चहा, आमटी, ताक सगळं त्या मापात धरायचं. नारळपाणी तर बंदच, पोटॅशियम वाढतं. आणि दुसरीकडं काय, डायलिसिसच्या मशीनला एका वेळेला शंभर लिटरच्या वर शुद्ध केलेलं पाणी लागतं. नळाला रोज पाणी न येणारं आपलं गाव, आणि माझं रक्त धुवायला आठवड्याला तीन वेळा एवढं पाणी. हे मला टेक्निशियन पोरानं सांगितलं त्या दिवसापासून मी मशीन चालू झाली की आधी पाण्याला हात जोडतो. कुणी बघतंय का नाही त्याचा विचार करत नाही.

सकाळी उठल्यावर पहिलं काम म्हणजे डाव्या हाताच्या फिस्टुलावर, म्हणजे डायलिसिसची सुई टोचायला रक्तवाहिन्या जोडून केलेल्या जागेवर, उजव्या हाताची बोटं ठेवायची. आत घरघर लागते, रक्त पळत असतं त्याची. ती लागली म्हणजे फिस्टुला चालू हाय, आज सुई टोचता येईल. बंद पडली तर लगेच दवाखाना गाठायचा असतो. तर ती घरघर बोटाला लागली की मी "बोला हर्र" म्हणतो. मोठ्यानं. घरातले आता सवयीनं आतून "हर्र" म्हणतात.

आणखी एक सांगतो. मी गड्ड्याच्या यात्रेत, म्हणजे सिद्धेश्वराच्या संक्रांतीच्या जत्रेत, नंदीध्वजाची उंच जड काठी पेलायचो. बाराबंदी घालून, कमरेला पट्टा बांधून. ज्यानं पेललाय त्यालाच कळतं तो काय भार असतो आणि तो भार वाटत कसा नाही. आता फिस्टुलाच्या हातानं वजन उचलायला बंदी, आणि ताकद पण राहिली नाही. पहिल्या वर्षी मी संक्रांतीला घराबाहेरच पडलो नाही. ढोलाचा आवाज आला तरी कानावर उशी घेतली. मग आमच्यातला एक जुना माणूस घरी आला आणि म्हणाला सरावाला पोरांना पाणी द्यायला कुणी नाही, तू चल. तेव्हापासून सरावाला मी पाण्याचा जार घेऊन उभा असतो. घामानं निथळलेलं पोरगं येतं, गटागटा पितं, मी बघतो. मला प्यायला बंदी, पण ते पिताना बघून माझी तहान भागते हे मी अगदी खरं सांगतो, याच्यात काही वाढवून सांगत नाही.

तुम्ही विचारलंत मागायचं काय. मी पुढच्या डायलिसिसपर्यंतचं मागतो. तेवढंच.

पाठीचा_कणा

मी देव मानत नाही, आधीच सांगतो, पण धागा मनापासून आवडला म्हणून लिहितोय.

मला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. कंबर आणि पाठीचे सांधे सुजतात आणि हळूहळू मणके एकमेकांना जुळायला लागतात. याची गंमतच वेगळी, बाकीच्या पाठदुखीत आराम केला की बरं वाटतं, यात आराम केला की अंग लाकूड होतं आणि हालचाल केली की सुटतं. पहाटे तीन-चारला दुखण्यानेच जाग येते. निदान व्हायला बऱ्याच जणांची वर्षं जातात, माझीही गेली, तोवर सगळे म्हणायचे तरुण पोरगं आहे, नाटकं करतंय.

तर मी पहाटे होम मैदानावर चालायला जातो. आधी पाय घासत, मग अर्ध्या तासाने माणसासारखा. समोर सिद्धेश्वरचं तळं, किल्ल्याची भिंत, काकड्याचा आवाज कुठून तरी. मी हात जोडत नाही, पण रोज त्याच वेळेला त्याच माणसांना दिसतो, ती माणसं मान हलवतात, एक आजोबा मी दिसलो नाही तर दुसऱ्या दिवशी विचारतात काल कुठं होतास. मला एवढं पुरतं. माझा विश्वास त्या चालण्यावर आहे. आज चाललो तर उद्या वाकता येईल, हे मी माझ्या अंगावर पडताळलंय.

आणि ताई, हात चालेनात तर पूजा कुठली हा प्रश्न. मला यावर कायम डॉ. कोटणीस आठवतात. आपल्या सोलापूरचे, जन्म १९१०. १९३८ साली भारतातून पाच डॉक्टरांचं पथक चीनला गेलं त्यात ते होते, बाकीचे परत आले, हे थांबले. भैय्या चौकातलं स्मारक सगळ्यांना माहितीये, युद्धात जखमींची ऑपरेशनं केली हेही शाळेत सांगतात. पण त्यांना तिथं अपस्माराचे झटके यायला लागले होते आणि तसेच ते काम करत राहिले, शिकवत राहिले, हा भाग कुणी फारसा सांगत नाही. १९४२ च्या डिसेंबरमध्ये त्यातच गेले, वय फक्त ३२. मला ते हुतात्मा म्हणून जेवढे जवळचे वाटत नाहीत तेवढे पेशंट म्हणून वाटतात. झटका कधी येईल माहीत नाही आणि उद्याचा तास घ्यायचाय म्हणून आज रात्री तयारी करणारा माणूस. यात देव असेल नसेल, मला फरक पडत नाही.

शुभचिंतक७

ताई एका ठिकाणी पुडी मिळते, आमच्या पाहुण्यांना आठ दिवसात फरक पडला, इंग्लिश गोळ्या सगळ्या बंद केल्या. पत्ता हवा असेल तर मेसेज करा.

निवृत्त_सिस्टर

शुभचिंतक, तुमचा हेतू चांगला असेल यात शंका नाही, पण इथं माझं ऐका. आठ दिवसात सूज उतरवणाऱ्या बिनलेबलच्या पुड्यांमध्ये पुष्कळदा स्टिरॉइड कुटून घातलेलं असतं. म्हणूनच ती उतरते. मग तोंड सुजतं, शुगर वाढते, हाडं ठिसूळ होतात, आणि पुडी एकदम बंद केली तर माणूस कोसळू शकतो. मी वॉर्डात अशी माणसं हाताळलीत. पत्ता इथं देऊ नका आणि मेसेजमध्येही देऊ नका.

अबोली, तुला बहुतेक मेथोट्रेक्सेट चालू असेल. असेल तर इतरांसाठीही लिहिते : ही गोळी आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. रोज घेतली गेली तर जिवावर बेततं, आणि घोटाळा होतो तो याच गोळीत, कारण बाकी सगळ्या गोळ्या रोजच्या असतात. घरात एक वार ठरवा आणि तो पाकिटावर मोठ्या अक्षरात लिहा. डॉक्टरांनी सांगितलेली फॉलिक अ‍ॅसिड चुकवू नका, आणि लिव्हरच्या, रक्ताच्या तपासण्या वेळेवर.

श्रद्धेबद्दल मी शेवटी लिहीन, मला जरा विचार करू दे.

अबोली_सोलापूर

सिस्टर, बरोबर ओळखलंत. माझा वार गुरुवार. स्वामींचा वार म्हणून मुद्दाम ठरवला, म्हणजे विसरणं शक्यच नाही. संध्याकाळी दिवा लावते, अक्कलकोटच्या दिशेला तोंड करून तारक नाव घेते आणि गोळी घेते. दुसऱ्या दिवशी मळमळतं, तोंडाची चव जाते, शुक्रवार माझा वाईटच जातो. पण त्या गोळीत स्वामी आहेत असं मी धरूनच चालते. ती कुणीतरी शोधून काढली, कुणीतरी तपासली, माझ्यापर्यंत आली. औषध घेणं म्हणजे श्रद्धा कमी पडली असं आमच्याकडच्या एक बाई म्हणाल्या होत्या, ते मला बिलकुल मान्य नाही.

खंडोबाभक्त दादा, तुमचा जार डोळ्यासमोरून जात नाहीये.

आयेशाची_अम्मी

अस्सलाम वालेकुम आणि नमस्कार सगळ्यांना. माझी मुलगी नऊ वर्षांची, तिला टाइप वन शुगर आहे. लोकांना वाटतं गोड खाल्लं म्हणून झालं. तसं नसतं, स्वादुपिंडातल्या इन्सुलिन बनवणाऱ्या पेशीच शरीर मारून टाकतं, तिचा काही दोष नाही माझा पण नाही. दिवसातून चार वेळा इंजेक्शन आणि बोट टोचून शुगर बघायची.

मला रमजानचं सांगायचंय. तिच्या वयाच्या मुली पहिला रोजा ठेवतात, मग घरात कौतुक, नवे कपडे, फुलांचा हार. हिला पण ठेवायचा होता. रडून रडून घर डोक्यावर घेतलं. डॉक्टर म्हणाले उपाशी राहिली आणि शुगर खाली गेली तर बेशुद्ध पडेल, इन्सुलिन बंद ठेवलं तर वेगळाच धोका, तर नाही म्हणजे नाही. मग तिच्या नानांनी तिला मांडीवर घेऊन सांगितलं की कुराणमध्येच लिहिलंय, आजारी माणसाला रोजातून सूट आहे, आणि ज्याला कधीच जमणार नाही त्याने एका गरिबाला जेवू घालायचं, त्याला फिद्या म्हणतात. अल्लाहनी तुझा विचार आधीच करून ठेवलाय बेटा, असं म्हणाले. हे ऐकून ती गप्प झाली. मी पण. मला एवढी वर्षं माहीत होतं ते पण असं कुणी माझ्या मुलीचं नाव घालून सांगितलं नव्हतं.

आता इफ्तारच्या वेळेला खजुराचं ताट तिच्या हातात असतं. अजान व्हायच्या आधी सगळ्यांच्या हातात एक एक खजूर पोचला पाहिजे, हे तिचं काम. धावत धावत करते आणि ओरडते, "अम्मी, कुणी राहिलं का?" मग स्वतःची शुगर बघते आणि जेवते.

जाता जाता एक कामाचं. उन्हाळ्यात लाइट गेली की इन्सुलिनची काळजी. आम्ही मातीच्या मडक्यात इन्सुलिनचा डबा ठेवतो, बाहेरून ओलं फडकं, सावलीत. तालुक्याच्या गावी राहणाऱ्यांना उपयोगी पडेल.

नाना_दक्षिण

सर्वांचे लिहिणे वाचले. राग मानू नये, पण आपल्या शास्त्रात याचे उत्तर आहे. मागच्या जन्मीचे भोग असतात, ते भोगून संपवायचे. हे एकदा स्वीकारले की मन शांत होते आणि प्रश्न पडत नाहीत.

अबोली_सोलापूर

नाना, तुम्ही वडीलधारे आहात, पण हे मी सोडून देणार नाही. वरची पोस्ट वाचा. नऊ वर्षांची मुलगी आहे. तिला कुणी शाळेच्या गेटवर हे सांगितलं तर तिनं काय समजायचं? मला सासरच्या एका लग्नात भर पंगतीत ऐकवलं होतं, काय पाप केलं होतंस गं. घास तोंडात फिरत राहिला. ज्याला आपल्या स्वतःपुरतं तसं मानून बळ येतं त्यानं जरूर मानावं. दुसऱ्याच्या दुखण्यावर ते ठेवू नये. आपल्या संतांनी आजारी माणसाला जवळ घेतलंय, हिशोब विचारलेला नाही.

नाना_दक्षिण

अबोलीबाई, तुमचे शब्द लागले आणि लागायलाच हवे होते. मी ते स्वतःला सांगत असतो, दुसऱ्या कुणाला नाही, इथे लिहिताना तसे उतरले नाही. माझी पत्नी अर्धांगवायूने अंथरुणाला आहे. उजवी बाजू गेली आणि वाचाही गेली. समजते सगळे, बोलता येत नाही. आमच्या कोणत्या पापाने हे झाले हा प्रश्न मला रात्री छळतो, म्हणून मी त्याला उत्तर देऊन ठेवले आहे एवढेच.

तुम्ही रोजच्या गोष्टीचे विचारले आहे तर सांगतो. तिचे केस लांब आहेत. मुलगी पुण्याला असते, ती म्हणाली बाबा कापून टाका, निगा सोपी जाईल. मी पत्नीला विचारले तर तिने डाव्या हाताने वेणी घट्ट धरून ठेवली. मग मुलीने मोबाइलवर व्हिडिओ कॉल करून मला वेणी घालायला शिकवले. तीन पेड, उजवा मधल्यावर, मग डावा मधल्यावर. सुरुवातीला सैल व्हायची. आता बरी येते. रोज सकाळी खोबरेल लावून विंचरतो, गुंता खालून वर सोडवत जायचा असतो हे मला सत्तरीत कळले. वेणी झाली की ती डाव्या हाताने चाचपून बघते, आणि नीट झाली असेल तर माझ्या हातावर दोनदा थोपटते. नीट नसेल तर सोडते आणि मला परत घालावी लागते.

पाठीचा_कणा

नाना, खूप वेळ स्क्रीनकडे नुसता बघत बसलो होतो. काही लिहायचं सुचत नाहीये. काकूंना नमस्कार सांगा.

मागवाला_साखरपेठ

नानांच्या नंतर लिहायला नको वाटत होतं पण अम्माचं सांगतो. अम्मानं आयुष्यभर विड्या वळल्या. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं, तंबाखू, दोरा, दिवसाला हजार विडी. आम्ही तिघं त्यावर शिकलो. वडील मागावर. तंबाखूची धूळ आणि चुलीचा धूर, फुप्फुसं गेली तिची. आता घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय, नाकाला नळी, दोन पावलं चाललं की धाप.

पण तिची बोटं गप्प बसत नव्हती. टीव्ही बघताना साडीचा पदर वळायची, रात्री झोपेत वळायची. बायकोनं एक दिवस तेच जुनं सूप धुऊन पुसून त्यात कापूस दिला, म्हणाली अत्तम्मा, वाती वळा. झालं. तिचा वेग बघितला तर थक्क व्हाल. एकसारख्या, एका लांबीच्या. शंभर झाल्या की दोऱ्यानं गठ्ठी बांधते, अगदी विडीची बांधायची तशी. त्या मार्कंडेयाच्या देवळात जातात, उरलेल्या गल्लीत. नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हा ती मला बजावते, तिथं दिवे लागतील त्यातल्या वाती माझ्या आहेत, नीट बघून ये.

आमच्या पद्मशाली लोकांचा देव म्हणजे मार्कंडेय. गोष्ट माहितीच असेल, सोळा वर्षांचंच आयुष्य लिहिलेलं पोर, यम आला तेव्हा पिंडीला मिठी मारून बसलं. अम्मा म्हणते तो पळाला नाही रे, धरून बसला. ती नळी लावून सूप धरून बसते तेव्हा मला तेच दिसतं.

लाइट गेली की मात्र सगळ्यांची तारांबळ. शेजारच्यांकडे इन्व्हर्टर आहे, त्यांनी खिडकीतून एक वायर कायमची आमच्याकडे टाकून ठेवलीय. लाइट गेली की त्यांचा मुलगा न सांगता बटण दाबतो. एक पैसा घेत नाहीत. तुम्ही श्रद्धा म्हणालात ना ताई, माझी त्या वायरवर आहे.

निवृत्त_सिस्टर

अबोली, मी म्हटलं होतं विचार करून लिहीन.

वॉर्डात मी रात्रपाळ्या खूप केल्या. बरे होऊन घरी जाणारे लक्षात राहत नाहीत, परत परत येणारे राहतात. त्यांच्यात मी एक बघितलं. ज्यांना कुणीतरी आपली वाट बघतंय असं वाटायचं ती माणसं औषध वेळेवर घ्यायची, जेवायची, चिडायची सुद्धा, पण तग धरून असायची. मग ते वाट बघणारं कुणी का असेना. एक बाई होत्या त्या फक्त तुळशीला पाणी कोण घालणार म्हणून घरी जायची घाई करायच्या. आम्ही नव्या मुली हसायचो. मोठ्या सिस्टर ओरडल्या होत्या आम्हाला, म्हणाल्या ती तुळस आहे म्हणून ही बाई आहे.

तुझा जो मूळ प्रश्न आहे, काम हीच पूजा आणि कामच सुटलं तर काय. मला आपल्या जिल्ह्यातले सावता माळी आठवतात. अरणचे. पंढरपूर तिथून असं किती लांब, पण ते मळा सोडून गेले नाहीत, भाजीपाल्यात विठ्ठल बघितला आणि विठ्ठलच त्यांच्याकडे आला असं आपण मानतो. आजवर मी ही गोष्ट कामाची थोरवी म्हणून ऐकली होती. या धाग्यावरचं वाचून वाटलं की जो उठून जाऊ शकत नाही त्याच्याकडे देवाला यावं लागतं, ते पण त्यात आहेच की. आयेशाच्या नानांनी वेगळ्या पोथीतून हेच सांगितलं. जुन्या लोकांनी आजाऱ्याची जागा काढून ठेवलेली होती, आपण ती वापरत नाही आणि नुसतं श्रद्धा ठेव म्हणून मोकळे होतो.

आणि कायक मुळात दुसऱ्याच्या उपयोगी पडावं म्हणूनच असतं ना? मग तुझं कुठं सुटलंय. टोक तू काढ नाहीतर ती मुलगी काढो.

अबोली_सोलापूर

सिस्टर, मला हे कुणी असं सांगितलंच नव्हतं. परत परत वाचतेय. एक मात्र म्हणेन, सोपं करून घेऊ नका कुणी. सीझनला गल्लीतून मशीनचे आवाज आले की अजून पोटात तुटतं आणि ते तुटणारच, वाती वळून किंवा कॉलर शिकवून ते बंद होत नाही. पैशाचीही ओढाताण आहेच, तपासण्या, औषधं, आणि मी कमावत होते ते गेलं. श्रद्धेनं ते भरून निघत नाही. दोन्ही एकाच घरात राहतं, एवढंच.

उन्हाची_भीती

नमस्कार. मी बरेच दिवस नुसती वाचत असते, पहिल्यांदा लिहितेय. मी २४ वर्षांची. मला ल्युपस निघालाय, गेल्या दिवाळीनंतर. यातही आपलीच प्रतिकारशक्ती आपल्यावर उठते. गालावर लाल चट्टे, सांधे, सारखा ताप. ऊन लागलं की वाढतो, आणि राहायला कुठं तर सोलापूर. स्कार्फ, पूर्ण बाह्या, छत्री, तरी लोक विचारतात एवढं काय गं नाजूक.

मला वेगळंच विचारायचंय. घरी स्थळं बघणं चालू आहे. आई म्हणते आता काही सांगू नको, लग्न झाल्यावर बघू. बाबा गप्प असतात. मी रोज संध्याकाळी रूपाभवानीच्या देवळात जाते आणि तिथं उभी राहून मला नेमकं हेच कळत नाही की काय मागू. लपून राहू दे असं मागू का? ते मागवत नाही.

निवृत्त_सिस्टर

बाळ, आधी औषधाचं. ल्युपसमध्ये बहुतेकांना हायड्रॉक्सीक्लोरोक्विन असते, ती मनाने बंद करायची नाही, बरं वाटलं तरी नाही. त्यासाठी डोळ्यांची तपासणी सांगितल्या वेळी करून घ्यायची. लघवीची तपासणीही टाळायची नाही, कारण ल्युपस किडनीवर गुपचूप जातो. ल्युपस असलेल्या कितीतरी मुलींची लग्नं होतात, मुलं होतात. फक्त दिवस राहण्याआधी आजार काही महिने शांत असायला हवा आणि औषधं डॉक्टरांशी बोलून बदलून घ्यावी लागतात, काही औषधं गर्भाला चालतच नाहीत. आता विचार कर, हे सगळं नवऱ्यापासून लपवून कसं करणार आहेस? गोळ्या कुठं ठेवणार?

अबोली_सोलापूर

सिस्टरांनी औषधाच्या बाजूनं सांगितलं, मी घरात राहणारी म्हणून सांगते. सांग. आधीच सांग, बैठकीच्या आधी. आईची भीती मी समजू शकते, तिला वाटतंय सांगितलं तर कुणी करणार नाही. काही स्थळं जातील, हो. जाऊ देत. जो दमलेल्या दिवशी तुला "झोप, मी कुकर लावतो" म्हणणार नाही त्याच्याकडे लपूनछपून जाऊन तू रोज सकाळी हसत उठणार कशी? मला सूज असली की माझा नवरा बरणीची झाकणं आदल्या रात्रीच सैल करून ठेवतो. आमच्यात याच्यावर कधी बोलणं झालेलं नाही. पण त्याला माझं दुखणं माहीत आहे म्हणून तो हे करू शकतो.

बाबा गप्प असतात म्हणालीस. त्यांच्याशी एकटीनं बोलून बघ. गप्प बसणारे बाप पुष्कळदा कुणी विचारायचीच वाट बघत असतात.

बाळेकडचा_खंडोबाभक्त

पोरी, बाबांना पुढच्या तपासणीला सोबत घेऊन जा. डॉक्टरांच्या तोंडून ऐकू दे. माझ्या भावानं मशीनवर मला बघितलं तेव्हा त्याला समजलं, तोवर तो पण म्हणायचा काय होत नाही तुला.

उन्हाची_भीती

थँक्यू सगळ्यांना. सोमवारी ओपीडी आहे, बाबांना विचारते. आईला अजून नाही सांगत, आधी बाबा.

अबोलीताई, मी टेलरिंगचा बेसिक कोर्स केलाय, कॉलर मात्र कधीच नीट आली नाही. उन्हात काम नसलेलं काहीतरी शोधतेच आहे. दुपारी नाही जमणार मला ऊन असतं म्हणून, पण संध्याकाळी आले तर चालेल का?

अबोली_सोलापूर

चालेल की. सहाच्या पुढं ये, शुक्रवार सोडून. मेसेजमध्ये पत्ता टाकते. येताना एक जुना शर्ट आण, कॉलर उसवून बघू आधी.